नियम यंत्राचा, अपवाद पॅकेजचा

जेंटू लिनक्स नव्याने बसवणारा माणूस सुरुवातीला एकच फाईल मन लावून लिहितो. ती म्हणजे ‘मेक डॉट कॉन्फ’. कंपाईलरला कोणते पर्याय द्यायचे, एका वेळी किती कामे समांतर चालवायची, कोणत्या सुविधा हव्यात, कोणत्या नकोत, हे सगळे तो तिथे लिहितो आणि पुढे यंत्रावरचे प्रत्येक पॅकेज त्याच सेटिंग्जनी कंपाईल होत राहते. लहान पॅकेजे सुरळीत पार पडतात. मग लिबरऑफिस किंवा वेबकिटची पाळी येते, मेमरी पुरत नाही, कंपाईल मध्येच तुटते आणि पुन्हा तीच फाईल उघडून समांतर कामांचा आकडा निम्मा केला जातो. एका पॅकेजचे दुखणे अशा रीतीने अख्ख्या यंत्राचा नियम होऊन बसते. असे होऊ देऊ नये. सर्वसाधारण सेटिंग्ज साध्या ठेवाव्यात आणि ज्या पॅकेजला खरोखर वेगळे काही लागते त्याचा अपवाद त्याच्याच नावावर, कारण नोंदवून, वेगळा लिहावा. सोर्सवरून कंपाईल होणाऱ्या व्यवस्थेचा सर्वांत मोठा फायदा या सोयीत आहे आणि बहुतेक जण तोच वापरत नाहीत.

विषय हवेत राहू नये म्हणून एक ठरावीक यंत्र डोळ्यांसमोर ठेवू. पुणे-अहिल्यानगर महामार्गावर पारनेर तालुक्यात सुपा आहे. समजा, तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान वर्कशॉपच्या ऑफिसात एक संगणक आहे. चार कोअर, आठ थ्रेड, ८ जीबी रॅम, साधी एसएसडी. त्यावर फ्रीकॅडमध्ये सुट्या भागांची ड्रॉइंग होतात, लिबरऑफिसमध्ये मराठी आणि इंग्रजी कोटेशन तयार होतात, फायरफॉक्समधून जीएसटीचे विवरणपत्र भरले जाते. वीज सलग किती तास राहील याची खात्री नाही, इंटरनेटचा वेग दिवसभर सारखा नसतो आणि उन्हाळ्यात यंत्र लवकर तापते. भारीतल्या यंत्रावर ढोबळ सेटिंग्जही खपून जातात. या यंत्रावर मात्र प्रत्येक चुकीचा आकडा वेळ आणि वीज खातो. म्हणून पॅकेजनिहाय सेटिंग्जची गरज अशा ठिकाणी सर्वांत जास्त आहे. लेखात फाईलींची आणि आज्ञांची नावे देवनागरीत दिली आहेत, संगणकावर ती अर्थातच रोमन लिपीत टाईप करायची.

आधी साधा नियम

डॅनियल रॉबिन्स यांनी सुरू केलेल्या जेंटूची १.० आवृत्ती मार्च २००२ मध्ये आली. ‘पोर्टेज’ ही तिची पॅकेज-व्यवस्था फ्रीबीएसडीच्या पोर्ट्सवरून प्रेरणा घेऊन घडली. तेव्हापासून जेंटूभोवती एक समज घट्ट बसला आहे की स्वतः कंपाईल केले, कंपाईलरला भरपूर पर्याय दिले की यंत्र वाऱ्यासारखे पळते. या समजापायी लोक मेक डॉट कॉन्फमध्ये पर्यायांची रांग लावतात. वास्तविक तिथे तीनच गोष्टी पुरतात. ऑप्टिमायझेशनची ‘ओ-२’ ही पातळी, तात्पुरत्या फाईलींऐवजी पाइप वापरणारा ‘पाइप’ हा पर्याय आणि आपल्या प्रोसेसरच्या सूचना ओळखून घेणारा ‘मार्च-नेटिव्ह’. जेंटूची स्वतःची हँडबुकही याच वळणाचा सल्ला देते. याच्या पुढे जाऊन सगळ्या यंत्राला ‘ओ-३’ लावले तर काही प्रोग्रॅमना थोडा फायदा होतो, काहींचा कोड फुगून ते उलट मंदावतात, आणि कोणाचे काय झाले हे मोजल्याशिवाय कळत नाही.

‘ओ-फास्ट’ आणि त्यातून चालू होणारा ‘फास्ट-मॅथ’ यांची गोष्ट जास्त गंभीर आहे. फास्ट-मॅथ दिले की आकडेमोडीत ‘संख्या नाही’ किंवा ‘अनंत’ असे उत्तर कधी येणारच नाही, असे कंपाईलर गृहीत धरतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने अशा उत्तरांसाठी ठेवलेल्या तपासण्या मग तो खुशाल काढून टाकू शकतो. फ्रीकॅड ज्या ओपनकॅस्केड लायब्ररीवर उभे आहे तिचे सारे काम भूमितीचे, म्हणजे दशांश आकडेमोडीचे आहे. ज्या ड्रॉइंगवरून लोखंड कापले जाणार त्या ड्रॉइंगमागच्या गणितात अशी सूट घेण्याचे काही कारण नाही. शिवाय हे नुकसान एका पॅकेजपुरते थांबत नसे. जीसीसी या कंपाईलरच्या १३ व्या आवृत्तीआधी फास्ट-मॅथने जोडलेली एखादी सामायिक लायब्ररी नुसती लोड झाली तरी अतिसूक्ष्म संख्यांना शून्य मानण्याची सवय त्या संपूर्ण प्रोसेसला लागत असे. १३ व्या आवृत्तीने सामायिक लायब्ररींसाठी ते बंद केले. ज्या पर्यायाचा परिणाम इतका दूर जातो तो सर्वसाधारण नियमात घालू नये, हाच यातून घ्यायचा धडा.

अपवाद पॅकेजनिहाय असावेत याचा सर्वांत भक्कम पुरावा जेंटूच्या इबिल्डमध्येच सापडतो. इबिल्ड म्हणजे पॅकेज कसे कंपाईल करायचे ते सांगणारी कृती. ज्या पॅकेजला लिंक करतानाचे ऑप्टिमायझेशन, म्हणजे एलटीओ, झेपत नाही त्याच्या इबिल्डमध्ये देखभाल करणारे लोक ‘फिल्टर-एलटीओ’ अशी ओळ घालतात. एखादा घातक पर्याय गाळायचा असेल तर ‘फिल्टर-फ्लॅग्स’ घालतात. फायरफॉक्ससारख्या पॅकेजमध्ये एलटीओ चालू-बंद करण्यासाठी वेगळा यूज फ्लॅगच, म्हणजे सुविधा निवडण्याचा खटकाच, दिलेला असतो. ज्यांनी शेकडो पॅकेजांची देखभाल केली तेही सर्वांना एकच माप लावत नाहीत. आपण आपल्या यंत्रापुरते तेच करायचे आहे.

कोणती गोष्ट कुठे लिहायची

प्रत्येक सेटिंग लिहिताना स्वतःला एक प्रश्न विचारावा. ही गोष्ट यंत्राची आणि वापरणाऱ्यांची आहे, की या एका पॅकेजची? पहिली असेल तर मेक डॉट कॉन्फ, दुसरी असेल तर पॅकेजच्या नावाची नोंद. प्रोसेसर कोणता, हे यंत्राचे वैशिष्ट्य आहे, ते सर्वांसाठी लिहावे. प्रिंटर आहे, ही ऑफिसची गरज आहे, म्हणून ‘कप्स’चा फ्लॅग सर्वांसाठी. भाषेचेही तसेच. ‘एल-टेन-एन’ या चलात इंग्रजीबरोबर मराठीचा ‘एमआर’ हा संकेत लिहिला की फायरफॉक्स आणि लिबरऑफिस यांच्यासारखी जी जी पॅकेजे मराठी भाषा देतात ती सगळी ती सोबत घेतात. मराठीची गरज एका पॅकेजची नसून माणसांची आहे, म्हणून तिची जागा सर्वसाधारण फाईलमध्येच. लोकेल मात्र वेगळे बसवावे लागते. ‘लोकेल डॉट जेन’ या फाईलमध्ये ‘एमआर-आयएन’ची यूटीएफ-८ ओळ घालून ‘लोकेल-जेन’ चालवायचे. हे राहून गेले तर तारखा आणि आकडे मराठीत दिसण्याची अपेक्षा फोल ठरते आणि दोष विनाकारण पॅकेजवर जातो.

याउलट जावाचे पाहा. लिबरऑफिसला जावाचा यूज फ्लॅग आहे. जावा नको म्हणून मेक डॉट कॉन्फमध्ये ती सर्वांसाठी बंद केली, तर लिबरऑफिस बेसमध्ये एचएसक्यूएल प्रकारचा जुना डेटाबेस उघडत नाही आणि कारण लक्षात यायला वेळ जातो. वर्कशॉपने मालाची नोंद अशा डेटाबेसमध्ये ठेवली असेल, तर ‘पॅकेज डॉट यूज’मध्ये फक्त लिबरऑफिसपुरता जावाचा फ्लॅग चालू ठेवावा, बाकी सर्वत्र तो बंद राहू द्यावा. घरात एकाला मधुमेह आहे म्हणून सगळ्यांच्या चहातली साखर बंद करत नाहीत, त्याचा कप वेगळा करतात. त्यातलाच हा प्रकार आहे.

या नोंदींची जागा ‘इटीसी’ फोल्डरमधल्या ‘पोर्टेज’ या फोल्डरमध्ये आहे. कोणत्या सुविधा हव्यात ते ‘पॅकेज डॉट यूज’मध्ये लिहायचे. चाचणी अवस्थेतली आवृत्ती एका पॅकेजपुरती घ्यायची असेल तर ‘पॅकेज डॉट ॲक्सेप्ट-कीवर्ड्स’. एखादी आवृत्ती नकोच असेल तर ‘पॅकेज डॉट मास्क’. कंपाईल कसे व्हावे यासंबंधीचे सारे, म्हणजे कंपाईलरचे पर्याय, समांतर कामांची संख्या, तात्पुरत्या फाईलींची जागा, हे ‘पॅकेज डॉट एन्व्ह’मध्ये. ही नावे फाईलींना देता येतात तशी फोल्डरनाही देता येतात. फोल्डर करावे आणि आत विषयवार लहान फाईली ठेवाव्यात, म्हणजे काही महिन्यांनी शोधायला सोपे जाते. सोर्स कोडमध्येच दुरुस्ती हवी असेल तर ‘पॅचेस’ नावाच्या फोल्डरमध्ये प्रवर्ग आणि पॅकेज यांच्या नावाने आणखी फोल्डर करून पॅच ठेवायचा. सहाव्या आणि त्यापुढच्या ईएपीआयच्या, म्हणजे इबिल्ड लिहिण्याच्या नियमावलीच्या, इबिल्डमध्ये तो आपोआप लागतो.

पॅकेज डॉट एन्व्ह प्रत्यक्ष कसे वापरायचे

काम दोन पायऱ्यांचे आहे. ‘एन्व्ह’ नावाचे फोल्डर करून त्यात सेटिंगची लहान फाईल लिहायची, आणि मग पॅकेज डॉट एन्व्हमध्ये पॅकेजच्या नावापुढे त्या फाईलचे नाव लिहायचे. फाईलची नावे आपण ठरवायची, पण ती परिणाम सांगणारी असावीत. दोनच समांतर कामे चालवणाऱ्या फाईलचे नाव ‘जॉब्स-२’ ठेवले तर सहा महिन्यांनीही अर्थ कळतो. ‘टेस्ट’ किंवा ‘न्यू’ अशी नावे ठेवली तर कळत नाही. एकाच फाईलचा संदर्भ अनेक पॅकेजांना देता येतो आणि एका पॅकेजला अनेक फाईलीही लावता येतात. म्हणून प्रत्येक फाईलमध्ये एकच गोष्ट असावी. मेमरीची फाईल वेगळी, डिस्कची वेगळी, एलटीओ बंद करण्याची वेगळी. लिबरऑफिसपुढे पहिल्या दोन लिहिता येतील, दुसऱ्या एखाद्या पॅकेजपुढे फक्त तिसरी.

आपल्या यंत्रावर मेमरीचा हिशोब असा बसतो. दर समांतर कामामागे सुमारे २ जीबी रॅम धरावी, असा जेंटूच्या हँडबुकचा आडाखा आहे. ८ जीबीला त्यामुळे चारच कामे येतात, थ्रेड आठ असले तरी. म्हणून मेक डॉट कॉन्फमध्ये ‘मेक-ऑप्ट्स’ला ‘जे-४’ द्यावे. पण सी++ ची मोठमोठी पॅकेजे आणि वेबकिट, क्यूटी-वेबइंजिन, क्रोमियम यांसारखी ब्राऊझर-इंजिने या आडाख्याबाहेर जातात. त्यांतली काही कामे एकेकटीच २ जीबीहून जास्त मागतात, लिंक करताना तर अधिकच. तेव्हा कर्नल कंपाईलरचीच प्रोसेस मारून टाकतो आणि लॉगमध्ये ‘किल्ड’ हा शब्द आणि ‘सीसी-वन-प्लस’ हे नाव एकत्र दिसते. अनेक जण याला कोडमधली चूक समजून उपाय शोधत बसतात, पण बहुतेक वेळा हा निव्वळ मेमरी संपल्याचा पुरावा असतो. अशा पॅकेजांना ‘जॉब्स-२’ लावावे. सगळ्या यंत्राला ‘जे-२’ दिले तर उरलेली शेकडो पॅकेजे विनाकारण रेंगाळतील. पॅकेज बसवणाऱ्या ‘इमर्ज’ या आज्ञेला ‘जॉब्स’ हा पर्याय देऊन एका वेळी दोन पॅकेजे चालवली तर हा आकडा दुप्पट होतो, हेही ध्यानात ठेवावे. लहान मेमरीवर मोठी पॅकेजे एकेकटीच कंपाईल करावीत.

कंपाईलरचे पर्याय बदलताना एका ठिकाणी बरेच जण अडकतात. मेक डॉट कॉन्फमध्ये सामायिक पर्याय ‘कॉमन-फ्लॅग्स’ या चलात लिहून त्यातून ‘सी-फ्लॅग्स’ आणि ‘सीएक्सएक्स-फ्लॅग्स’ भरण्याची रीत आहे. एन्व्हमधल्या फाईलमध्ये केवळ कॉमन-फ्लॅग्स बदलले तर काहीच होत नाही, कारण बाकीची दोन चले तोवर भरून झालेली असतात. तिथे सी-फ्लॅग्स आणि सीएक्सएक्स-फ्लॅग्स स्वतंत्रपणे, जुन्या मूल्यापुढे नवा पर्याय जोडून लिहावेत. एन्व्ह फोल्डरमध्ये प्रवर्ग आणि पॅकेज यांच्या नावाने थेट फाईल ठेवण्याची दुसरीही पद्धत आहे. ती फाईल बॅश म्हणून वाचली जाते, त्यामुळे कंपाईलच्या टप्प्यांआधी वा नंतर स्वतःच्या आज्ञा घालता येतात. पण ती पोर्टेजकडून बरीच उशिरा वाचली जाते, म्हणून ‘फीचर्स’ किंवा तात्पुरते फोल्डर यांसारख्या पोर्टेजच्या स्वतःच्या सेटिंग्ज तिच्यात ठेवू नयेत. रोजच्या गरजांना पॅकेज डॉट एन्व्ह पुरते.

विजेचा आणि इंटरनेटचा विचार

कंपाईल वेगात व्हावे म्हणून तात्पुरते फोल्डर रॅममध्ये, म्हणजे टेम्पएफएसवर ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. लहान पॅकेजांना तो ठीक आहे. पण लिबरऑफिसला कंपाईलच्या वेळी कित्येक जीबी जागा लागते, आणि ८ जीबीच्या यंत्रावर तीच रॅम कंपाईलरलाही हवी असते. शिवाय वीज गेली की टेम्पएफएसवरचे सारे पुसले जाते. म्हणून मोठ्या पॅकेजांसाठी एन्व्हमध्ये एक फाईल करावी आणि तीत ‘पोर्टेज-टेम्पडिर’ला डिस्कवरचे फोल्डर द्यावे. ते फोल्डर आधी तयार असावे आणि पोर्टेज वापरकर्त्याला तिथे लिहिण्याची परवानगी असावी.

वीज गेल्यावर ‘इमर्ज रिझ्यूम’ ही आज्ञा राहिलेल्या पॅकेजांची यादी पुन्हा सुरू करते खरी, पण अर्धवट राहिलेले पॅकेज ती पहिल्यापासून कंपाईल करते. इथे सी-कॅश कामाला येते. आधी कंपाईल झालेल्या सी आणि सी++ फाईलींचे निकाल ती साठवते, त्यामुळे दुसऱ्या वेळी तोच भाग झपाट्याने पार पडतो. मात्र ती सर्वांसाठी चालू करू नये. बहुतेक पॅकेजे पुढच्या वेळी नव्या आवृत्तीनेच कंपाईल होतात आणि साठवलेले निकाल वाया जातात, उलट डिस्क भरते. जी पॅकेजे तासन्‌तास चालतात आणि मध्येच तुटण्याचा धोका आहे त्यांच्यापुरती ‘फीचर्स’मध्ये सी-कॅश जोडावी, साठ्याची मर्यादा ठरवावी. रस्टच्या कोडला तिचा उपयोग नाही, हेही लक्षात असावे. फायरफॉक्समध्ये रस्ट भरपूर आहे आणि त्याचा ‘पीजीओ’ फ्लॅग चालू असेल तर आधी मोजमापासाठी एकदा कंपाईल होऊन, चालवून पाहून, मग पुन्हा कंपाईल होते. अशा यंत्रावर हा फ्लॅग फायरफॉक्सपुरता बंद ठेवणे शहाणपणाचे. डाउनलोडसाठी ‘फेच-ओन्ली’ हा पर्याय आहे. इंटरनेट चांगले असेल तेव्हा सारे सोर्स उतरवून ठेवावेत आणि कंपाईल यंत्र मोकळे असेल तेव्हा, उन्हाळ्यात शक्यतो रात्री करावे.

वर्कशॉपमध्ये एकाहून जास्त संगणक असतील तर एका ताकदवान यंत्रावर कंपाईल करून तयार पॅकेजे बाकीच्यांना देता येतात. मग मार्च-नेटिव्ह चालणार नाही. नव्या प्रोसेसरसाठी कंपाईल केलेला प्रोग्रॅम जुन्या प्रोसेसरवर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणत बंद पडतो. सर्वांना झेपेल अशी किमान पातळी निवडावी.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप असा की आता या खटाटोपाची गरजच उरली नाही. डिसेंबर २०२३ पासून जेंटूच तयार बायनरी पॅकेजे मोठ्या प्रमाणावर देऊ लागले आहे, मग कंपाईल कशाला? आक्षेपात तथ्य आहे आणि त्याचा फायदा जरूर घ्यावा. ज्या मोठ्या पॅकेजाबाबत आपली काही वेगळी मागणी नाही ते बायनरीच घ्यावे. सुप्यातल्या त्या संगणकावर हा सर्वांत मोठा वेळेचा लाभ ठरेल. पण त्यामुळे पॅकेजनिहाय विचार संपत नाही, उलट अधिक नेमका करावा लागतो. आपले यूज फ्लॅग बायनरीच्या फ्लॅगशी जुळले नाहीत तर सामान्यतः पोर्टेज ते पॅकेज आपल्याच यंत्रावर कंपाईल करू लागते. म्हणून सर्वसाधारण फ्लॅग जितके साधे, तितकी बायनरी जास्त उपयोगी पडतात. दुसरीकडे, कंपाईलरच्या पर्यायांची तुलना पोर्टेज करत नाही. पॅकेज डॉट एन्व्हमध्ये तुम्ही खास पर्याय लिहून ठेवले आणि बायनरी उतरली, तर तुमचे पर्याय लागलेच नाहीत, आणि त्याबद्दल कोणी काही सांगणारही नाही. अशा पॅकेजाचे नाव इमर्जच्या ‘यूजपीकेजी-एक्स्क्लूड’ या पर्यायात घालावे.

दुसरा आक्षेप म्हणजे फाईलींचा पसारा. दोन वर्षांत शंभर नोंदी होतात आणि कोणती कशासाठी हे कोणालाच आठवत नाही. हा धोका खरा आहे, आणि त्यावर शिस्त हाच उपाय आहे. प्रत्येक नोंदीवर एका ओळीत कारण आणि तारीख लिहावी. जी नोंद एखाद्या आवृत्तीतल्या दोषामुळे केली ती त्याच आवृत्तीला बांधावी. नावाआधी बरोबरचे चिन्ह आणि शेवटी आवृत्तीचा क्रमांक लिहिला की पुढची आवृत्ती आल्यावर अपवाद आपोआप गळून पडतो. मेमरीसारख्या यंत्राच्या मर्यादेमुळे केलेली नोंद मात्र आवृत्तीशिवाय ठेवावी, कारण नव्या आवृत्तीने रॅम वाढत नाही. ‘इक्स’ या पॅकेजबरोबर येणारी ‘इक्स-टेस्ट-ऑब्सोलीट’ ही आज्ञा निरुपयोगी झालेल्या नोंदी शोधून देते. ती वर्षातून दोनदा तरी चालवावी. संपूर्ण पोर्टेज फोल्डर गिटमध्ये ठेवले तर कोणता बदल कधी केला हे शोधणे सोपे होते आणि यंत्र बिघडले तरी ही सारी मेहनत वाचते.

तिसरा आक्षेप सोयीचा आहे. एवढे लिहीत बसण्यापेक्षा इमर्जच्या आज्ञेआधीच फ्लॅग टाईप केले तर काम होते की! त्या वेळी होते. पण पोर्टेज ते लक्षात ठेवत नाही. पुढच्या अपडेटमध्ये तेच पॅकेज जुन्या सेटिंगने कंपाईल होते आणि आधी सोडवलेली अडचण पुन्हा उभी राहते. एकदा करून पाहण्यासाठी ही पद्धत ठीक आहे, टिकवायच्या निर्णयासाठी नाही.

चौथा आक्षेप तांत्रिक आहे आणि त्यात वजन आहे. पॅकेजे एकमेकांपासून पूर्ण वेगळी नसतातच. लायब्ररी बदलली की तिच्यावर उभे असलेले प्रोग्रॅम बदलतात, मग पॅकेजनिहाय सेटिंगला अर्थ काय? म्हणूनच अपवाद शक्यतो टोकाच्या पॅकेजांवर, म्हणजे ज्यांच्यावर दुसरे कोणी अवलंबून नाही अशांवर करावेत. जी-लिबसी, जीसीसी यांसारख्या पायाभूत पॅकेजांना नियमातच राहू द्यावे. ओपनकॅस्केडला प्रयोगाचे पर्याय लावायचे असतील तर त्याचा परिणाम फ्रीकॅडवर होणार, हे धरूनच लावावेत आणि ‘फीचर्स’मध्ये ‘टेस्ट’ त्या पॅकेजपुरते चालू करून त्याच्या चाचण्या उपलब्ध असतील तर त्या पार पडतात का पाहावे.

आणि सर्वांत मूलभूत आक्षेप. एवढा वेळ आहे कोणाकडे? ज्याला फक्त चालणारे यंत्र हवे आहे त्याने डेबियन किंवा फेडोरा वापरावे. त्यात काहीही कमीपणा नाही. पण ज्याने जेंटू निवडले त्याने प्रत्येक बिघाडानंतर सर्वसाधारण फाईल ढवळण्यात जो वेळ घालवला, त्याच्या अंशात या नोंदी लिहून होतात.

लिहिले ते लागले का?

नोंद लिहिणे हा अर्धा भाग झाला. कंपाईलरचे पर्याय बदलले म्हणून पोर्टेज पॅकेज आपणहून पुन्हा कंपाईल करत नाही. यूज फ्लॅग बदलले तर ‘चेंज्ड-यूज’ किंवा ‘न्यू-यूज’ हे पर्याय ते ओळखतात, सी-फ्लॅग्स बदललेले ओळखत नाहीत. तेव्हा ‘वन-शॉट’ पर्यायाने ते पॅकेज स्वतः पुन्हा कंपाईल करावे. मग ‘इमर्ज इन्फो’पुढे पॅकेजचे नाव देऊन ते कोणत्या पर्यायांनी कंपाईल झाले हे पाहावे. ‘व्हार’मधल्या ‘डीबी’ आणि त्यातल्या ‘पीकेजी’ या फोल्डरमध्ये प्रत्येक पॅकेजच्या यूज आणि सी-फ्लॅग्सची नोंद राहते. इबिल्ड स्वतः काही पर्याय गाळत असल्यामुळे शेवटची खात्री बिल्ड लॉगमधूनच होते. कंपाईलला किती वेळ लागला ते ‘जेनलॉप’ सांगते. ‘जे-४’ने आणि ‘जे-२’ने लागलेला वेळ शेजारी ठेवून पाहिला तर पुष्कळदा कमी कामांनीच पॅकेज लवकर पूर्ण झालेले दिसेल, कारण स्वॅपवर चढलेले यंत्र पुढे सरकतच नाही.

प्रोग्रॅम कोसळत असेल तर हीच पद्धत शोधासाठी वापरता येते. डिबगची माहिती सगळ्या यंत्रासाठी साठवली तर डिस्क भरून जाईल. म्हणून ‘जी-जीडीबी’चा पर्याय आणि ‘स्प्लिट-डिबग’ असलेली एक एन्व्ह फाईल करून ती कोसळणाऱ्या पॅकेजला आणि त्याच्या संशयित लायब्ररींनाच लावावी. दोष कळवण्याआधी मात्र आपले खास पर्याय काढून, साध्या ‘ओ-२’ने कंपाईल करून पाहावे. तरीही दोष राहिला तर तो पॅकेजचा, गेला तर आपल्या अपवादाचा. ज्याचे अपवाद नावानिशी लिहिलेले आहेत त्याला ही तपासणी काही मिनिटांत ठरवता येते. ज्याने सगळे एकाच फाईलमध्ये कोंबले आहे त्याला कुठून सुरुवात करावी हेच कळत नाही.

ज्यांना आजपासून सुरुवात करायची आहे त्यांनी मेक डॉट कॉन्फ आधी साधी करावी आणि एन्व्हमध्ये तीनच फाईली लिहाव्यात. एक कमी कामांची, एक डिस्कवरच्या तात्पुरत्या फोल्डरची, एक सी-कॅशची. आपल्या यंत्रावर सर्वांत जास्त वेळ घेणारी पाच-सहा पॅकेजे जेनलॉपने शोधून त्यांना, गरजेप्रमाणे, या फाईली जोडाव्यात. चौथी फाईल तेव्हाच लिहावी, जेव्हा तिचे कारण एका वाक्यात सांगता येईल आणि तिचा परिणाम मोजून दाखवता येईल. तसे सांगता येत नसेल तर त्या पॅकेजला अपवादाची गरज नाही. त्याला सर्वांच्या नियमातच राहू द्यावे.